‘निक्की’ला मराठीत रोजनिशी म्हणावे का?

क्योतोकर:
जपानी ‘निक्की’ या शब्दात ‘निचि’ म्हणजे दिवस आणि ‘कि’ म्हणजे नोंद, अशी दोन अक्षरे जोडली गेली आहेत. तेव्हा मराठीत त्यासाठी सरसकट ‘रोजनिशी’ हाच शब्द वापरावा, असे माझे मत आहे. ती लिहिण्याला ‘निक्की ओ त्सुकेरु’ म्हणतात आणि घरखर्चाच्या वहीलाही हेच क्रियापद चालते, म्हणजे नेमाने टिपून ठेवण्याचा अर्थ त्यात आहेच. उन्हाळी सुटीत शाळकरी मुले रोजच्या चित्राखाली दोन-चार ओळी लिहितात ती ‘एनिक्की’, तर मैत्रिणी एकच वही आळीपाळीने लिहितात ती ‘कोकान निक्की’. उत्साहाने वही आणून लगेच कंटाळणाऱ्याला ‘मिक्का बोझु’, म्हणजे तीन दिवसांचा भिक्षू, म्हणतात.

मोडीवाचक:
आजच्या वापरापुरते हे मान्य, पण ‘सरसकट’ला माझा विरोध आहे. अकराव्या शतकातील ‘साराशिना निक्की’ची लेखिका लहानपणी पूर्वेकडील प्रांतातून राजधानीकडे निघाली, तिथपासून पन्नाशीनंतरच्या वैधव्यापर्यंतचे आयुष्य तिने मागे वळून सांगितले आहे आणि मधली कित्येक वर्षे ती सहज ओलांडून जाते. रोजनिशी म्हटल्यावर मराठी वाचक पानावर तारीख शोधणार, आणि ती सापडली नाही की चूक लेखिकेच्या माथी मारणार.

क्योतोकर:
मग ‘तोसा निक्की’चे काय? तोसा प्रांताहून राजधानीपर्यंतच्या 55 दिवसांच्या प्रवासाची त्यात दिवसवार नोंद आहे.

मोडीवाचक:
आपण माझ्याच बाजूचा साक्षीदार उभा केलात. 935 च्या सुमाराच्या त्या कृतीचा लेखक की नो त्सुरायुकी हा तोसाचा माजी प्रांताधिकारी, परंतु निवेदन करते एक स्त्री, आणि पुरुष लिहितात म्हणतात ती निक्की आपणही लिहून पाहू, असे ती आरंभीच सांगते. तारखा असल्या तरी ज्यातली ‘मी’च रचलेली आहे, त्याला रोजनिशी कसे म्हणावे?

पानगळ:
आपण दोघेही ‘रोजनिशी’कडे नीट पाहत नाही, असे वाटते. पेशव्यांच्या रोजनिशीत हुकूम, इनामे, नेमणुका सापडतात, मनातले गुज नव्हे. त्या अर्थाने हजार वर्षांपूर्वीचा बलाढ्य जपानी दरबारी फुजिवारा नो मिचिनागा याची निक्की रोजनिशीच्या अगदी जवळची आहे: आपल्या पंचांगाप्रमाणे दिवसाचे शुभाशुभ सांगणाऱ्या दिनदर्शिकेतील मोकळ्या ओळींत त्याने दरबारातील घडामोडी चिनी वळणाच्या भाषेत टिपल्या आणि त्याच्या हस्ताक्षरातील 14 गुंडाळ्या आजही आहेत. पुढे कामकाजाच्या नोंदवहीसाठी, उदाहरणार्थ जहाजावरील नोंदींसाठी, जपानीत ‘निश्शि’ हा वेगळा शब्द रूढ झाला. ‘रोजनिशी’ त्याला द्यावी आणि खासगी निक्कीसाठी ‘वासरी’ हा आपला जुना शब्द पुन्हा वापरात आणावा.

क्योतोकर:
पेशव्यांचा मुद्दा बिनतोड आहे, त्यामुळे ‘सरसकट’ मागे घेतो. मात्र ‘वासरी’ म्हटल्यावर आजच्या दहांपैकी नऊ वाचकांना गोठा आठवेल. जुन्या ग्रंथांच्या नावांत ‘निक्की’ तशीच राहू द्यावी. मुलांच्या वहीला ‘डायरी’ म्हणावे, तर आपल्याकडे शाळेची डायरी ही बाईंनी पालकांसाठी शेरे लिहायची वही असते. म्हणून ‘एनिक्की’पुरता मी अजूनही ‘चित्र-रोजनिशी’वरच अडून आहे.