फार्व्हला ग्रीन बेने माफ केलंच की!
कट्टर प्रतिस्पर्ध्याकडे गेलेल्या खेळाडूला चाहते कधीच माफ करत नाहीत, असं म्हणतात, पण मला ते पटत नाही. अमेरिकन फुटबॉलमधला ब्रेट फार्व्ह बघा. ग्रीन बे पॅकर्स संघाकडे १६ हंगाम काढलेला क्वार्टरबॅक (संघाचं आक्रमण चालवणारा, पास टाकणारा खेळाडू), मधलं एक वर्ष न्यूयॉर्क जेट्स संघाकडे, आणि २००९ मध्ये थेट कट्टर प्रतिस्पर्धी मिनेसोटा वायकिंग्जच्या जांभळ्या जर्सीत! त्या वर्षी १ नोव्हेंबरला तो पॅकर्सच्या घरच्या मैदानावर, लॅम्बो फील्डवर उतरला, तेव्हा त्याच्याच जुन्या प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली. त्याने ४ टचडाउन पास (थेट गुण मिळवून देणारे पास) टाकले, वायकिंग्ज ३८-२६ ने जिंकले. पॅकर्सवाल्यांच्या किती जिव्हारी लागलं असेल ते! तरी २०१५ मध्ये त्याच मैदानावर त्याचा ४ नंबर सन्मानाने निवृत्त झाला, म्हणजे तो पुन्हा कुणाला द्यायचा नाही असं ठरलं. माझ्या मते राग ओसरला तो फार्व्हच्या जागी आलेला पॅकर्सचा क्वार्टरबॅक आरन रॉजर्समुळे. २०१० च्या हंगामात रॉजर्सने पॅकर्सना सुपर बोल, म्हणजे लीगचा अंतिम सामना, जिंकून दिला ना!