नोकरी सांभाळून लांब पल्ल्याचे पोहणे : सहा जणांचे अनुभव

दहा किलोमीटर किंवा त्याहून अधिक अंतर पोहण्याची तयारी पूर्ण वेळ नोकरी करत असताना कशी केली, असे काही हौशी जलतरणपटूंना आम्ही विचारले होते. जे फसले तेही मोकळेपणाने सांगावे, एवढीच विनंती होती. आलेले अनुभव नावांशिवाय, जवळजवळ त्यांच्याच शब्दांत देत आहोत.

लेखापरीक्षक, वय 41

माझी पहिली चूक हिशेबाची होती, आणि ती माझ्या व्यवसायाला शोभणारी नव्हती. आठवड्याला 24 किलोमीटर व्हायलाच हवेत असे मी कागदावर ठरवले आणि सहा दिवस पहाटे चार-चार किलोमीटर पोहू लागलो. त्यासाठी लागणारे दीड-दोन तास कुठून आले, हे मात्र त्या कागदावर नव्हते. ते झोपेतून येत होते. आठव्या आठवड्यात उजवा खांदा हात वर नेताना दुखू लागला आणि त्याच सुमारास एका ताळेबंदात मी अशी चूक केली, की ती कनिष्ठ सहकाऱ्याने दाखवून द्यावी लागली. प्रशिक्षकांनी सराव चार दिवसांवर आणला : दोन दिवस वेगाचा, एक दिवस केवळ हातांच्या फेकीचा आणि सुटीच्या दिवशी एकच दीर्घ पल्ला. वेगाच्या दिवसांसाठी त्यांनी 400 आणि 200 मीटरच्या वेळा घेतल्या. त्या 7 मिनिटे 20 सेकंद आणि 3 मिनिटे 30 सेकंद अशा आल्या. दोहोंतला फरक 230 सेकंद, तोही 200 मीटरचा, म्हणजे बराच काळ टिकवता येईल असा माझा वेग शंभर मीटरला सुमारे 1 मिनिट 55 सेकंद. या वेगाने शंभर मीटर, मग पंधरा सेकंद विसावा, असे वीस वेळा केले, तर 44 मिनिटांच्या आत काम संपते आणि कार्यालयही वेळेवर गाठता येते. आठवड्याचे अंतर 15 किलोमीटरवर उतरले, तरीही दहा किलोमीटर मी त्याच वर्षी पूर्ण केले.

परिचारिका, वय 34

पाळ्या बदलत असल्यामुळे ‘रोज पहाटे पाच’ हा सल्ला माझ्या उपयोगाचा नाही. मी वार पाहत नाही, पाळी पाहते. रात्रपाळी संपवून थेट तलावावर जाण्याचा प्रयोग दोनदा केला आणि दुसऱ्या वेळी भिंतीपाशी वळताना किती फेऱ्या झाल्या हेच आठवेना. तेव्हापासून रात्रपाळीनंतर आधी झोप, आणि उघड्या पाण्यात तर त्या दिवशी उतरायचेच नाही, हा नियम मी स्वतःला घालून घेतला आहे. चुकलेला सराव दुसऱ्या दिवशी दुप्पट करून भरून काढत नाही.

संगणक अभियंता, वय 29

25 मीटरच्या तलावात दहा किलोमीटर म्हणजे 400 फेऱ्या. माझ्यासाठी खरा प्रश्न वेळेचा नसून कंटाळ्याचा होता, आणि तो अजून सुटलेला नाही.

शिक्षिका, वय 46

मला इंग्लिश खाडीसाठी तयारी करायची होती. मॅथ्यू वेब यांनी 1875 साली ती 21 तास 45 मिनिटांत पोहून पार केली आणि आरती साहा यांनी 1959 साली, हे मी वर्गात अनेकदा सांगितले होते. रजेच्या अर्जाचा विचार मात्र कधी केला नव्हता. सरळ रेषेत हे अंतर सुमारे 33 किलोमीटर आहे, परंतु प्रवाहामुळे प्रत्यक्षात बरेच अधिक पोहावे लागते. सोबतीच्या नावेकडे ठरावीक तारीख मिळत नाही, तर काही दिवसांचा कालावधी मिळतो, बहुधा भांगाच्या भरतीचा, म्हणजे भरती-ओहोटीतला फरक कमी असतो तेव्हाचा, आणि त्यातला नेमका दिवस वारा ठरवतो. मुख्याध्यापकांना हे समजावणे सहा तासांच्या पात्रता-पोहण्यापेक्षा अवघड गेले. ते पोहणे 16 अंश सेल्सिअस किंवा त्याहून थंड पाण्यात करावे लागते. पाण्याबाहेर आल्यावरही शरीराच्या आतले तापमान काही वेळ उतरतच राहते, म्हणून थंड पाण्यातील सरावानंतर मी लगेच गाडी चालवत नाही आणि त्या दिवशी उत्तरपत्रिकाही तपासत नाही. एकदा तपासल्या होत्या. माझेच अक्षर मला लागले नाही.

बँक कर्मचारी, वय 38

दीर्घ पल्ल्याचा दिवस हा खाण्याच्या सरावाचाही दिवस असतो, हे मला उशिरा उमगले. दर अर्ध्या तासाला तरंगत राहून गोड द्रव घ्यायचा, तासाला साधारण 60 ग्रॅम कर्बोदके पोटात जातील असे पाहायचे. पोटाला याची सवय आठवड्यातून एकदाच लावता येते, त्यामुळे तो दिवस कामासाठी सोडून देणे परवडत नाही. बाकीचे दिवस मी सोडतो.

औषध-विक्री प्रतिनिधी, वय 36

मी यंदा थांबलो आहे. माझ्या दीर्घ पल्ल्याच्या दिवशी सोबतीची छोटी नाव पत्नी वल्हवत असे आणि चार-पाच तास मुलीला आजीकडे ठेवावे लागे, म्हणजे माझ्या एका छंदासाठी तीन माणसांची सुटी खर्च होत होती. ही गोष्ट माझ्या सरावाच्या वहीत कुठेच नोंदलेली नव्हती. सध्या आठवड्यातून दोनदा, पाऊण-पाऊण तास पोहतो. पुढच्या हंगामाचा अर्ज पत्नीने भरला आहे, तिच्या स्वतःच्या नावाने. नाव मी वल्हवणार आहे.