स्टोअर्ड प्रोसिजरच्या युनिट टेस्ट खरंच कोणी लिहितं का? आणि टीमला कसं पटवायचं?

दूधबिलवाला (प्रश्न)

नमस्कार मंडळी, जरा लांबलचक आहे, सांभाळून घ्या.

आम्ही दूध संकलनाचं सॉफ्टवेअर करतो. गावातल्या डेअरीत शेतकरी दूध घालतो, फॅट आणि एसएनएफ (दुधातले फॅट सोडून बाकीचे घन पदार्थ) मशीनवर निघतं, त्यावरून दरपत्रकातला दर लागतो आणि दर दहा दिवसांनी बिल निघतं, त्यातून पशुखाद्य, ॲडव्हान्स वगैरे कपात होते. मागे एसक्यूएल सर्व्हर (मायक्रोसॉफ्टचा डेटाबेस) आहे आणि सगळा हिशोब स्टोअर्ड प्रोसिजरमध्ये (डेटाबेसच्या आतच ठेवलेला कोड, आम्ही नुसतं प्रोक म्हणतो), म्हणजे खरोखरच सगळा. बिलाची मुख्य प्रोक अकराशे ओळींची आहे, मी जॉइन व्हायच्या आधीपासून, आणि तिच्यात हात घालायचा म्हटलं की सगळ्यांना अचानक दुसरं काम आठवतं.

मागच्या महिन्यात एकाने दराची एक ओळ बदलली, स्वतःच्या मशीनवर दोन सभासदांची बिलं काढून बघितली, बरोबर आली, टाकली लाइव्हला. तिसऱ्या आठवड्यात एका डेअरीच्या सचिवांचा फोन, अहो निम्म्या गावाच्या बिलात काही पैशांचा फरक येतोय. काही पैसेच, पण लिटरला पाच पैसे इकडचे तिकडे झाले तर शेतकरी सकाळी सहा वाजता वही घेऊन डेअरीच्या दारात उभा असतो, तिथे राउंडिंग एरर वगैरे शब्द चालत नाहीत.

आमच्याकडे सी शार्पवाली पोरं मस्त युनिट टेस्ट (कोडच्या छोट्या तुकड्याचं उत्तर आपोआप तपासणारा कोड) लिहितात, बटण दाबलं की हिरवं, म्हणजे पास. आम्ही डेटाबेसवाले अजून प्रोक चालवायची, रिझल्ट एक्सेलमध्ये चिकटवायचा आणि डोळ्यांनी बघायचं. मी टेस्टचा विषय काढला तर सिनियर म्हणाले, एक बिल टेस्ट करायला सभासद लागतो, सभासदाला डेअरी लागते, डेअरीला तालुका, मग दरपत्रक, बँक खातं, चौदा टेबलं भरल्याशिवाय एक रो इन्सर्ट होत नाही, तुझी टेस्ट लिहीपर्यंत पुढचं बिल येईल. आणि खरं सांगायचं तर मी दोन दिवस प्रयत्न केला आणि फॉरेन की नी (एका टेबलातली नोंद आधी दुसऱ्या टेबलात असलीच पाहिजे ही सक्ती) मला खरंच हरवलं. कोणी हे जमवलंय का?

---

निवांत_डीबीए

जमवलंय. आणि तुमचे सिनियर जे म्हणतात ना तेच दुखणं आहे सगळ्यांचं, टेस्ट लिहिणं अवघड नसतं, टेस्टसाठी डेटा उभा करणं अवघड असतं. ते एकदा सुटलं की बाकीचं सरळ आहे.

टीएसक्यूएलटी बघितलंय का, एसक्यूएल सर्व्हरसाठीचं टेस्ट फ्रेमवर्क? फुकट आहे, ओपन सोर्स आहे, आणि टेस्टपण टी-एसक्यूएलमध्येच लिहायच्या, म्हणजे तुमच्या लोकांना नवी भाषा शिकायला नको. त्यातली एक गोष्ट तुमच्या कामाची, फेकटेबल. समजा सभासद टेबलावर फेकटेबल चालवलं, तर ते खरं टेबल तात्पुरतं बाजूला सरकवतं आणि त्याच नावाचं रिकामं टेबल ठेवतं, कॉलम तेच पण सगळ्यांना नल (रिकामी किंमत) चालतो, फॉरेन की नाही, चेक कन्स्ट्रेंट (किमतीवरची अट) नाही, ट्रिगर (बदल झाला की आपोआप चालणारा कोड) नाही. मग तुम्हाला दर काढायला लागतात ते तीन कॉलम भरा आणि बाकीचं राहू द्या रिकामं. तालुका नको, बँक खातं नको. चौदा टेबलांची दोन होतात. आणि प्रत्येक टेस्ट स्वतःच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (एकत्र टिकणारे किंवा एकत्र रद्द होणारे बदल) चालते आणि शेवटी रोलबॅक होते, म्हणजे सगळे बदल रद्द, त्यामुळे खरं टेबल, खरा डेटा जिथल्या तिथे.

पण म्हणून प्रॉडक्शनवर चालवू नका, हे सांगावं लागतं कारण एकाने आमच्याकडे केलंय. रोलबॅक होईपर्यंत टेबल लॉक असतं आणि लोक बिल काढत असतात.

सुरुवातीला प्रिपेअरसर्व्हर नावाची स्क्रिप्ट एकदा चालवावी लागते कारण आत सीएलआर (डेटाबेसच्या आत चालणारा डॉटनेट कोड) आहे आणि २०१७ पासून एसक्यूएल सर्व्हर सीएलआरबाबत कडक झालाय. डेव्हलपर एडिशन प्रत्येकाच्या मशीनवर टाका, ती फुकट आहे, एकच सामायिक डेव्ह डेटाबेस ठेवून त्यात पाच जणांनी टेस्ट चालवायच्या हे करूच नका, एकाने टेबल फेक केलं की बाकीचे चौघं लटकतात.

---

पोस्टग्रेसप्रेमी

विषय एसक्यूएल सर्व्हरचा आहे माहितीये तरी बोलतो, कारण कोणीतरी पोस्टग्रेसवाला शोधत येईलच इथे. आमच्याकडे पोस्टग्रेस डेटाबेससाठी पीजीटॅप हे टेस्ट फ्रेमवर्क, डेव्हिड व्हीलर यांचं. फाइलच्या सुरुवातीला बिगिन, मग प्लॅनमध्ये किती टेस्ट आहेत तो आकडा, शेवटी फिनिश आणि रोलबॅक, आणि पीजी_प्रूव्ह सगळ्या फाइली चालवून सांगतं. पोस्टग्रेसमध्ये टेबल बनवणं, बदलणं हेसुद्धा ट्रान्झॅक्शनमध्ये बसतं त्यामुळे टेस्टमध्ये काहीही तोडफोड करा, रोलबॅक केलं की साफ.

फेकटेबलसारखं तयार काही नाही पण एक जुगाड आहे. त्याच नावाचं टेम्प (तात्पुरतं) टेबल बनवा, पोस्टग्रेस टेबल शोधताना आधी टेम्प स्कीमात (स्कीमा म्हणजे टेबलांचा गट) बघतो, म्हणजे फंक्शनला तुमचंच टेबल मिळतं. फंक्शनमध्ये कोणी स्कीमाचं नाव लावून टेबल लिहिलं असेल तर मात्र नाही चालणार.

---

कोडआधी

मला हे सगळं बघून वाटतं की मूळ रोगावर उपाय करा ना. हिशोब डेटाबेसमध्ये ठेवलाच का? दर काढायचं लॉजिक सी शार्पमध्ये आणा, तिथे टेस्ट पाच मिनिटांत होते. अकराशे ओळींची प्रोक म्हणजे ती प्रोक नाही, वाडा आहे.

---

निवांत_डीबीए

@कोडआधी वाडा आहे हे मान्य, पण त्या वाड्यात लोक राहतायत. दहा दिवसांनी बिल निघायलाच पाहिजे. आणि लॉजिक बाहेर न्यायचं म्हटलं तरी बाहेर नेल्यावर तेच उत्तर येतंय हे कशावरून ठरवणार? आधी आहे त्या प्रोकभोवती टेस्ट लावा, मग न्या कुठे न्यायचं ते. शिवाय लाखभर ओळी नेटवर्कवरून ओढून आणून लूपमध्ये गुणाकार करायचा आणि परत लिहायचा हे मी बघितलंय, रात्रभर चालायचं.

---

ओरॅकलकाकू

आमच्या ओरॅकल डेटाबेसवाल्यांकडे यूटीपीएलएसक्यूएल हे टेस्ट फ्रेमवर्क आहे, मूळ स्टीव्हन फॉयरस्टाइन यांनी सुरू केलेलं, आता तिसरी आवृत्ती पूर्ण नव्याने लिहिलेली आहे आणि ती फार सोपी आहे. पॅकेज स्पेसिफिकेशनमध्ये कमेंट लिहायची, सूट म्हणून आणि टेस्ट म्हणून, बस. दोन कर्सर (क्वेरीचे निकाल) द्या, तो ओळीनुसार फरक दाखवतो. टेस्टनंतर रोलबॅक तोच करतो, पण तुमच्या कोडमध्ये कुठे कमिट (बदल कायमचे पक्के करणं) असेल तर संपलं, डेटा राहतो. आमच्याकडे निम्म्या पॅकेजमध्ये मध्येच कमिट होते, का होते ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक आणि तो रिटायर झाला. टेस्ट लिहायला घेतल्या तेव्हा ती सगळी काढावी लागली, तो फायदा टेस्टपेक्षा मोठा निघाला.

दूधबिलवाला, तुला कामाचं सांगते बाळा. सगळ्या प्रोकच्या टेस्ट लिहायची मोहीम काढू नकोस. आम्ही काढली होती, एक तिमाही, मोठा तक्ता, रोज किती टेस्ट झाल्या त्याचा आकडा. लोकांनी आकडा भरण्यासाठी टेस्ट लिहिल्या, प्रोक चालली आणि एरर आली नाही म्हणजे पास. कोणी वाचतसुद्धा नव्हतं. नंतर एकच नियम ठेवला की बग आला की आधी तो बग दाखवणारी लाल (फेल होणारी) टेस्ट, मग दुरुस्ती. जिथे दुखतं तिथेच टेस्ट जमा होत गेल्या. टीमला पटवायची गरजच पडली नाही, कारण जो बग परत आला असता तो टेस्टने पकडला की माणूस आपोआप गप्प होतो.

---

दूधबिलवाला

सगळ्यांना मनापासून धन्यवाद. काकू, मोहिमेचा तक्ता मी ऑलरेडी बनवला होता 😅 डिलीट केला.

टीएसक्यूएलटी टाकलं, फेकटेबल म्हणजे जादू आहे राव. अकराशे ओळींना हात न लावता आधी फक्त दर काढायची छोटी प्रोक घेतली. दरपत्रक फेक केलं, गाईच्या दुधाची साडेतीन फॅट साडेआठ एसएनएफची एक ओळ टाकली, प्रोक चालवली आणि असर्टइक्वल्स ने अपेक्षित दर तपासला. फेल. पण मेसेज बघा, अपेक्षित आणि आलेला आकडा दिसायला सेम टू सेम! अर्धा तास डोकं खाजवतोय. फ्रेमवर्कमध्ये बग आहे का?

---

निवांत_डीबीए

बग नाही, तुम्हाला बक्षीस लागलंय. असर्टइक्वल्स दोन्ही किमती एसक्यूएल व्हेरियंट (कुठल्याही प्रकारची किंमत बसणारा प्रकार) म्हणून घेतं, आणि व्हेरियंटमध्ये फ्लोट (अंदाजे साठवलेला आकडा) आणि डेसिमल (नेमका साठवलेला) हे वेगळ्या घराण्यातले धरले जातात, किंमत सारखी असली तरी जुळत नाहीत. म्हणजे तुम्ही अपेक्षित दर डेसिमल दिलाय आणि प्रोक मधून फ्लोट येतोय. दराचा कॉलम किंवा मधला एखादा व्हेरिएबल फ्लोट आहे का बघा. फ्लोटमध्ये ३.४५ हा आकडा नेमका ३.४५ म्हणून बसतच नाही, मग राउंड करताना कधी वर जातो कधी खाली. तुमचे पैसे तिथेच गळत असण्याची दाट शक्यता.

---

दूधबिलवाला

आई शप्पथ. दराच्या त्या बदलात एक नवीन व्हेरिएबल होतं, फ्लोट. आधीचे सगळे डेसिमल. एक शब्द. पहिल्याच टेस्टमध्ये. सिनियरना बोलावून दाखवलं, ते काही बोलले नाहीत, फक्त खुर्ची ओढून शेजारी बसले आणि म्हणाले फेब्रुवारीची टाक.

फेब्रुवारीची म्हणजे, महिन्याचं तिसरं बिल २१ तारखेपासून महिनाअखेरपर्यंत असतं. म्हणजे कधी दहा दिवस, कधी अकरा, आणि फेब्रुवारीत आठ किंवा नऊ. ॲडव्हान्सची रोजची कपात आम्ही दहाने गुणतो असा त्यांना बऱ्याच दिवसांपासून संशय होता. पण प्रोकमध्ये आत गेटडेट (आजची तारीख देणारं फंक्शन) आहे, मग फेब्रुवारी आणू कुठून? मशीनची तारीख मागे घेऊ का?

---

ओरॅकलकाकू

मशीनच्या तारखेला हात लावू नकोस, मग बाकी सगळं बिघडेल आणि ते शोधत बसशील. तारीख पॅरामीटर म्हणून बाहेरून दे, डिफॉल्ट नल ठेव, नल आली तर आत गेटडेट. जुनं कोणी कॉल करत असेल त्याला काही कळणारही नाही. मग टेस्टला २१ फेब्रुवारी २०२३, २१ फेब्रुवारी २०२४ (लीप आहे), आणि एकतीस दिवसांचा कुठलाही महिना. तीन टेस्ट, विषय संपला.

---

कोडआधी

हे मस्त झालं हां, माझे शब्द थोडे मागे घेतो. एक विचारायचं होतं, बिलाची मोठी प्रोक शेवटी एसएमएस पाठवायची प्रोक बोलवत असेल ना? टेस्ट चालवली की शेतकऱ्यांना मेसेज जातील की 😂

---

निवांत_डीबीए

त्यासाठी स्पायप्रोसिजर. एसएमएसच्या प्रोकच्या जागी नकली प्रोक बसते, ती काही पाठवत नाही, फक्त कोणत्या पॅरामीटरने बोलावलं ते एका लॉग टेबलात लिहून ठेवते. मग टेस्टमध्ये तो लॉग बघायचा, सभासदाला एकच मेसेज गेला असता का, रक्कम बरोबर होती का. नकली प्रोकला सोबत एखादी कमांडही देता येते, म्हणजे एसएमएस गेटवे बंद असताना एरर येते तेव्हा बिल टिकतं का हेपण तपासता येतं.

मोठ्या प्रोकवर जाल तेव्हा एक अडचण नक्की येणार म्हणून आत्ताच सांगतो. तिच्यात स्वतःचं बिगिन ट्रान (ट्रान्झॅक्शनची सुरुवात) आणि चूक झाली की रोलबॅक असेल, तर ते रोलबॅक बाहेरचं टेस्टचं ट्रान्झॅक्शनसुद्धा उडवतं आणि टेस्ट विचित्र एररने मरते. नव्या आवृत्तीत नोट्रान्झॅक्शन म्हणून सोय आहे पण मग साफसफाई तुमची तुम्ही. त्यापेक्षा हिशोबाचा भाग आतल्या वेगळ्या प्रोकमध्ये काढा, ट्रान्झॅक्शन बाहेरच्या पातळ प्रोकमध्ये ठेवा, टेस्ट आतलीची. अजून एक, तुमची प्रोक आत इन्सर्ट एक्झेक (दुसऱ्या प्रोकचा निकाल थेट टेबलात भरणं) करत असेल तर टेस्टमध्ये तिचा रिझल्ट परत इन्सर्ट एक्झेकने पकडता येत नाही, एसक्यूएल सर्व्हर एकात एक चालू देत नाही. तिथे प्रोकने टेबलात काय लिहिलं ते तपासा.

---

दूधबिलवाला

अपडेट देतो. फेब्रुवारीची टेस्ट लाल आली. दहाने गुणत होते, सिनियरांचा संशय खरा. किती वर्षं फेब्रुवारीत दोन दिवसांची (लीप वर्षी एका) जास्त कपात झाली आणि एकतीसच्या महिन्यात एक दिवसाची कमी, कोणी बोललं नाही कारण ॲडव्हान्स फिटला की हिशोब जुळतोच शेवटी.

सध्या सतरा टेस्ट आहेत, सगळ्या मिळून चार सेकंदात संपतात, एक बॅच फाइल केलीये, डबल क्लिक केलं की आधी डेटाबेस रिपॉझिटरीतल्या स्क्रिप्टवरून नवीन बनतो मग रनऑल (सगळ्या टेस्ट चालवणारी कमांड). टेस्टची स्कीमा वेगळ्या फोल्डरमध्ये, लाइव्हच्या पॅकेजमध्ये जात नाही. निकाल एक्सएमएलमध्ये काढून बिल्ड सर्व्हरला (कोड आपोआप तयार करून तपासणारं मशीन) द्यायचं काम सी शार्पवाल्या पोराने अर्ध्या दिवसात करून दिलं, त्यांच्याच टेस्टशेजारी आमच्या दिसतात आता. काल एकाने टेस्ट न चालवता प्रोक टाकली आणि बिल्ड लाल झाला, तर सिनियरच त्याला म्हणाले, अरे चार सेकंद नव्हते का तुझ्याकडे.

उद्या म्हशीच्या दरपत्रकाला हात घालतोय, त्यात एसएनएफ नल आला तर काय करायचं हे कोणालाच माहीत नाही, डेअरीच्या सचिवांना फोन करून विचारणार आहे.

---

ओरॅकलकाकू

विचार, आणि ते जे सांगतील तेच टेस्टचं नाव ठेव, मराठीतच.