मदत हवी आहे : वाहक कीटक मरतात, तरी विषाणूरोग का पसरतो?

नमस्कार. पिकांचे विषाणू एका झाडावरून दुसऱ्यावर नेणाऱ्या कीटकांना शास्त्रीय परिभाषेत ‘वाहक’ म्हणतात आणि मावा, पांढरी माशी, फुलकिडे, तुडतुडे हे सारे त्यात मोडतात. माझी अडचण अशी, की काकडीवर मोझॅक (पानांवर फिकट-गडद चट्टे पाडणारा विषाणूरोग) दिसताच माव्यासाठी आंतरप्रवाही (झाडाच्या रसात भिनणारे) कीटकनाशक फवारले, मावा मेला, तरी शेजारच्या निरोगी वेलींवर रोग येतच राहिला. टोमॅटोवर मात्र पांढऱ्या माशीविरुद्ध वेळेवर फवारणी केल्याने पर्णगुच्छ रोगाचा जोर ओसरला. दोन्ही कीटक रस शोषणारेच असताना असे का व्हावे? फुलकिड्यांच्या बाबतीत पिल्लांवर भर द्यावा की प्रौढांवर, हेही जाणकारांनी कारणासह सांगावे. नुसत्या औषधाच्या नावाने पुढच्या हंगामात माझे काम भागणार नाही.

उत्तर :

विषाणू कीटकाच्या शरीरात कुठे आणि किती काळ राहतो, यावर हे सारे अवलंबून आहे. वॉटसन आणि रॉबर्ट्स यांनी १९३९ मध्ये याच आधारावर अस्थायी (विषाणू कीटकाजवळ थोडाच वेळ टिकतो) आणि स्थायी (तो दीर्घकाळ टिकतो) वहन असे वर्गीकरण मांडले. काकडी मोझॅकचा विषाणू माव्याच्या सोंडेच्या टोकाशीच चिकटतो. झाड आपल्या उपयोगाचे आहे का, हे अजमावण्यासाठी मावा काही सेकंद सोंड टोचतो, तेवढ्यात विषाणू उचलला जातो आणि पुढच्या वेलीवर तशाच टोचणीत सोडलाही जातो. औषधाने मावा मरेपर्यंत लागण होऊन गेलेली असते. त्यातही बाहेरून उडत येणारा, वेलीवर न स्थिरावणारा पंखी मावा अधिक घातक, कारण तो पाने उलटून पाहताना सापडत नाही. येथे खनिज तेलाची फवारणी, चंदेरी आच्छादन आणि कडेने मक्याच्या दाट ओळी अधिक उपयोगी पडतात. मक्यावर टोचून मावा आपल्याजवळचा विषाणू तिथेच गमावतो.

पर्णगुच्छाच्या विषाणूला मात्र पांढऱ्या माशीच्या आतड्यातून शरीरद्रवात आणि तेथून लाळग्रंथींत पोहोचावे लागते. त्यात काही तास जातात, म्हणून औषधाला अवधी मिळतो.

फुलकिड्यांत टोमॅटो स्पॉटेड विल्टसारखे विषाणू पिल्लावस्थेतच घेतले गेले, तरच प्रौढ ते पसरवतो. त्यामुळे रोगट झाडे लवकर उपटणे आणि पिल्ले रोखणे यांवर भर द्यावा, पण बाहेरून येणाऱ्या प्रौढांकडे दुर्लक्ष करू नये.

काकडीच्या बांधावर कोणती तणे आहेत, तेही कळवावे. या मोझॅकचा विषाणू हजाराहून अधिक वनस्पतिजातींत आश्रय घेतो.