प्रतिसाद: कंठ्य ध्वनी कागदी आहेत का?

वर म्हटलंय की आद्य भारोपीय भाषेतले (म्हणजे संस्कृत, ग्रीक वगैरेंच्या अंदाजाने मांडलेल्या पूर्वज भाषेतले) हे कंठ्य व्यंजनध्वनी ('क-ख-ग' नव्हे, 'ह'सारखे घशातले) म्हणजे नुसतं बीजगणित, कागदावरची चिन्हं. सुरुवातीला तसंच होतं. स्विस भाषाशास्त्रज्ञ सोस्यूरने 1879मध्ये स्वरांचा हिशेब जुळवायला ते मांडले, तेव्हा एकाही ज्ञात भाषेत ते सापडलेले नव्हते. पुढे हित्ती (आजच्या तुर्कस्तानातली एक प्राचीन भारोपीय भाषा) वाचता आली आणि 1927मध्ये पोलिश भाषाशास्त्रज्ञ कुरिलोविचने दाखवलं की तिथला घशातला 'ह' नेमका त्याच जागी येतो. हाडाला आपलं संस्कृत 'अस्थि', ग्रीक 'ओस्तेओन', पण हित्ती 'हश्ताइ': इतरत्र गेलेला 'ह' तिथे टिकलाय. (मराठी 'हाड' बघून उड्या मारू नका हं, ते प्राकृत 'हड्ड'वरून आलंय. मीही एकदा फसलोय.)

खानापूर तालुक्यातल्या आम्हाला हे पटायला जड जात नाही. आमचं हलशी गाव कदंब राजांच्या जुन्या ताम्रपटांत 'पलाशिका' आहे. कानडीत शब्दारंभीच्या 'प'चा 'ह' झाला. बेळगावच्या बाजारात दुधाला 'हालु' ऐकू येतं, तमिळात अजून 'पाल' आहे. ताम्रपट मिळाले नसते, तरी या तुलनेवरून हलशीच्या आरंभी 'प' असावा असा अंदाज बांधता आला असता. सोस्यूरचे ताम्रपट म्हणजे हित्तींच्या मातीच्या पाट्या. फक्त त्या वाचल्या गेल्या 1915मध्ये, सोस्यूर वारल्यानंतर.