मदत हवी आहे: शनिवार-रविवार कालवा बघायला जायचंय, कुठून सुरू करू?

गोदाकाठचा_पंक्या
या शनिवारी निघायचंय. चारशे वर्षांपूर्वीचा जमिनीखालचा कालवा बघू असं ग्रुपवर मीच टाकलं होतं, आता सगळे माझ्याच मागं लागलेत. मॅपवर शोधलं की फक्त पाणचक्की येते. बाकी कालवा नेमका दिसतो कुठं? आत उतरता येतं का? वेरूळ, मकबरा शाळेच्या सहलीत झालंय, ते सांगू नका. लवकर सांगा, उद्या तिकीट काढायचंय.

माजलगावचे_काका
डावा का उजवा? डावा 208 किलोमीटर, उजवा 132. उजवा आमच्या धरणापर्यंत येतो. आवर्तन चालू असेल तर बघायला बरं वाटतं, पण पोरांनो काठाला उतरू नका. शेवाळावरून पाय गेला की माणूस हाती लागत नाही.

निजामशाही_नोंदी
काका, ते जायकवाडीचं झालं. हे संभाजीनगरच्या नहरीबद्दल विचारतायत. निजामशाहीचा वजीर मलिक अंबर, त्याची.

गोदाकाठचा_पंक्या
हो तीच. दुसरी कोणती असणार?

दरवाजे_मोजणारा
कुठून येणार, किती जण, गाडी आहे का, यातलं काहीच लिहिलेलं नाही. असो, नहरीचं सांगतो.

दोन्ही बाजूंनी काठ आणि मधून वाहणारं पाणी असं काही मित्रांना दाखवायचं कबूल केलं असेल तर आत्ताच माघार घ्या. नहर-ए-अंबरी जमिनीच्या पोटात आहे. 1610 ला मलिक अंबरनं खडकी (म्हणजे आजचं संभाजीनगर) वसवली तेव्हा बारमाही पाण्याचा प्रश्न होता. खाम नदीचा काय भरवसा? म्हणून उत्तरेला हर्सूल-सावंगीच्या अंगाला डोंगरातून झिरपणारं पाणी जमिनीखालच्या बोगद्यात गोळा केलं आणि नुसत्या उतारावर शहरात आणलं. मोट नाही, रहाट नाही. हवा खेळावी, गाळ काढता यावा म्हणून मधेमधे विहिरीसारखी तोंडं ठेवली. वस्तीत दगडी बंबे उभे केले. मागच्या उंचीच्या जोरावर पाणी त्यात चढायचं आणि तिथून हौदांत जायचं. आज वरून दिसतं ते एवढंच, तोंडं आणि बंबे. तेही कुठं झुडपात, कुठं कुणाच्या घराला खेटून.

आत उतरायचं डोक्यातून काढा. कोंडलेली हवा असते, गाळ असतो.

पाणचक्की_प्रेमी
एवढं कशाला फिरता राव? सरळ पाणचक्कीला जा. डोंगराकडून मातीच्या नळांतून आलेलं पाणी उंचावरून हौदात पडतं, त्याच पाण्यावर जातं फिरायचं आणि बाबा शाह मुसाफिरांच्या दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ निघायचं. हौदाच्या खाली मोठं दालन आहे, हौदाचा तळ तेच त्याचं छत. उन्हाळ्यात तिथून उठावं वाटत नाही. अख्खी नहर एका जागी समजते.

निजामशाही_नोंदी
नहर समजते, पण दुसरी. पाणचक्कीला येणारं पाणी वेगळ्या नहरीचं. मलिक अंबर 1626 ला वारला, पाणचक्की त्यानंतर कितीतरी वर्षांनी झाली. अंबरी बघायची म्हणून पाणचक्कीला पाठवणं चूक आहे.

पाणचक्की_प्रेमी
पाण्यावर नाव लिहिलेलं असतं का? तंत्र तेच आहे ना.

निजामशाही_नोंदी
तंत्र तेच, हे मान्य. श्रेय चुकीच्या माणसाला जातं, एवढंच म्हणणं आहे.

नळाची_वाट
तुम्ही लोक चारशे वर्षांपूर्वीच्या पाण्यावर भांडा. आमच्या गल्लीत आठवड्यातून एकदा नळ येतो, तोही रात्री दोनला. ती नहरच चालू करा म्हणावं.

दरवाजे_मोजणारा
2011 च्या जनगणनेतच पावणेबारा लाख माणसं होती. त्यांना नहर पुरायची नाही. पण आहे ती बुजवू नये, त्यात कचरा टाकू नये, एवढं तरी करता येतं.

खवय्या_जालना
नान खलिया (मटणाचा रस्सा आणि नान) खाल्ल्याशिवाय परत जाऊ नका. सकाळी खा, रात्री उरलंसुरलं मिळतं. वर इमरती.

गोदाकाठचा_पंक्या
ग्रुपमध्ये एक माळकरी आहे. आम्ही पाच जण, परभणीहून रेल्वेनं येऊलालोत. गाडी नाही. आता तरी कुणी सांगेल का काय करायचं?

खवय्या_जालना
माळकऱ्याला इमरती चालते.

फिरस्ती_लातूर
मी तर म्हणते वेरूळ परत करा. शाळेच्या सहलीत कैलास लेणं कुणी बघितलंय? आपण डबा बघतो. मंगळवारी बंद असतं, तुम्हाला अडचण नाही. अजिंठा मात्र या दोन दिवसांत कोंबू नका, ते शंभर किलोमीटर उलट्या दिशेला आहे.

गोदाकाठचा_पंक्या
ताई, वेरूळ नको म्हणून पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलंय.

दरवाजे_मोजणारा
परभणी हे आधी सांगितलं असतं तर एवढं लांबलं नसतं. सकाळची तपोवन एक्सप्रेस धरा, दुपारपर्यंत पोचता. रिक्षा करून पहिल्यांदा भडकल दरवाजा. तो मलिक अंबरनं 1612 ला मोगलांवरच्या विजयानंतर बांधला. तिथून पाणचक्की. (नोंदीसाहेब, रागावू नका. पाणी चढतं कसं आणि पडतं कसं हे पोरांना दिसायला तीच जागा आहे.) शेजारच्या महमूद दरवाज्यापाशी उभं राहून खाम बघा, नहरीची गरज का पडली ते कळेल.

रविवारी सकाळी उठून एसटीनं दौलताबाद. किल्ल्यात वर चढायच्या आधी हत्ती हौद बघा, पाणी साठवायची दुसरी तऱ्हा. पुढं खुलताबाद, तिथं मलिक अंबरची कबर आहे. लोक औरंगजेबाची बघून परततात, इकडं फारसं कुणी येत नाही. बंबे बघायचे तर हेरिटेज वॉक घेणाऱ्या स्थानिक मंडळींपैकी कुणाला तरी आधी विचारून सोबत घ्या. एकट्यानं गल्ल्यांत हिंडून सापडत नाहीत, आणि लोकांच्या अंगणात मोबाईल घेऊन घुसलेलं कुणाला आवडत नाही.

परतीला दुपारची तपोवन धरलीत तर रविवार गेला. एसटीनं परत जा.

निजामशाही_नोंदी
खुलताबाद घातलंत म्हणून पाणचक्की माफ.

गोदाकाठचा_पंक्या
जमलं. तपोवनची तिकिटं काढतो. मुक्काम स्टेशनजवळ करू का दर्ग्याच्या बाजूला?

फिरस्ती_लातूर
स्टेशनजवळ नको, मध्यवर्ती बसस्थानकाजवळ करा. रविवारी सकाळी दौलताबादची गाडी तिथूनच.

माजलगावचे_काका
येताना पैठणला उतरा. धरणही बघून होईल.

दरवाजे_मोजणारा
काका, पैठण त्यांच्या वाटेवर नाही.