माल्टाला जाऊन आलात? आपापले अनुभव लिहा

बहीण आणि मेहुणे लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाला भूमध्य समुद्रातल्या माल्टा बेटाला निघालेत. ऑगस्टमध्ये. निळं पाणी, पिवळा दगड, ऊन, एवढं फोटोत पाहिलंय, बाकी काही माहीत नाही. हॉटेलांच्या याद्या कुठेही मिळतात, त्या नकोत. काय फसलं, काय खाल्लं, कुठे पाय रमले ते लिहा. खाली आपापल्या टोपणनावाने लिहा, सुरुवात मीच करते.

आम्हीही ऑगस्टातच गेलो होतो. नवरा अकोल्याचा. "मेमध्ये 45 काढलेला माणूस मी, ही 35 डिग्री काय करणार?" असं विमानातच जाहीर केलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी एक वाजता राजधानी व्हॅलेटाच्या एका उताराच्या गल्लीत, कुणाच्या तरी दाराच्या पायरीवर, टोपी तोंडावर घेऊन हा माणूस बसला तो उठेचना. सगळं गाव एकाच चुनखडीच्या दगडाचं. दोन्ही बाजूंच्या भिंती तापलेल्या, खाली फरशी तापलेली, मध्ये आपण. शिवाय हवा समुद्राची, घाम वाळत नाही. आतल्या आजीबाईंनी दार किलकिलं करून पाण्याची बाटली दिली आणि घड्याळाकडे बोट दाखवलं. तेव्हा कळलं, की रस्त्यात फक्त पर्यटकच होते. त्यानंतर आम्ही सकाळी सातला बाहेर, बाराच्या आत परत खोलीत, संध्याकाळी पाचनंतर पुन्हा बाहेर असं केलं. त्या वेळी आजीबाईही खुर्ची टाकून दारात बसलेल्या असायच्या.

पोटोबा

शाकाहारी असाल तर 'पास्तित्सी' हा शब्द पाठ करा. होडीच्या आकाराचं, पापुद्र्यांचं, गरम. एकात रिकोटा चीज, दुसऱ्यात वाटाण्याचं सारण. वाटाण्याचं खाल्लं आणि बायको म्हणाली, "ही आपल्या मटार करंजीची मावसबहीण." एका युरोच्या आसपास मिळतं, दोन खाल्ली की जेवण झालं. मात्र पारंपरिक कृतीत पिठाला डुकराची चरबी लावतात, तेव्हा कडक शाकाहारी असाल तर आधी विचारा. आम्ही चौथ्या दिवशी विचारलं. असो.

'किनी' नावाचं कडू संत्र्याचं पेय आहे. पहिला घोट काढ्यासारखा, तिसरा घोट बरा, घरी आल्यावर आठवण येते. आणि चहा घरून न्या, पण पाणी बाटलीचं घ्या. बेटावर एकही बारमाही नदी नाही, नळाला समुद्राचं पाणी गोडं करून मिसळलेलं येतं. पिण्याला चालतं, पण आमच्या चहाची पार वाट लागली.

मालवणी माणूस

पोहता येतं म्हणून मिजास करू नका. माल्टात वाळूचे किनारे मोजकेच, म्हणजे उत्तरेला मेलिहा, गोल्डन बे वगैरे. बाकी सगळा खडक. स्लिमाला तर कातळाला लोखंडी शिडी ठोकलेली, उतरायचं थेट खोल पाण्यात. मला फार आवडलं. पायाला वाळू नाही, तळ अगदी स्वच्छ दिसतो.

शेजारच्या गोझो बेटावर मात्र जांभळट जेलीफिशने दंडाला मिठी मारली. चाबूक ओढल्यासारखे वळ उठले. मी बाटलीतलं गोडं पाणी ओतायला गेलो तर शेजारच्या बाईने मनगटच धरलं. समुद्राचंच पाणी ओतलं, चोळू दिलं नाही. गोड्या पाण्याने आग वाढते म्हणे. लहानपणापासून समुद्रात, आणि हे मला तिथे कळलं. उतरण्याआधी स्थानिक लोक पाण्यात आहेत का ते बघा. ते काठावर बसून असतील तर आपणही बसावं.

(गोझोच्या मोठ्या बोटीला जाताना तिकीट कुणी मागितलं नाही म्हणून आम्ही खूश. पैसे परतीला घेतात. आणि 'अझूर विंडो' ही तिथली प्रसिद्ध दगडी कमान शोधू नका, 8 मार्च 2017 च्या वादळात ती समुद्रात पडली. टॅक्सीवाला अजून जागा दाखवतो.)

जुनी वही

मला समुद्राचं कौतुक नाही, भाषेने मात्र वेड लावलं. माल्टी भाषा मुळात अरबी कुळातली, लिहितात रोमन लिपीत. दुकानाच्या पाट्या वाचत चाललो होतो. जग म्हणजे 'दिन्या', आपली दुनिया. पुस्तक म्हणजे 'क्तिएब', आपली किताब. बातम्या म्हणजे 'अहबारियेत', त्यात आपली खबर लपलेली. फारसीच्या वाटेने मराठीत आलेले शब्द इथे दुसऱ्याच वाटेने येऊन बसलेत.

आणखी एक. 1878 मध्ये रशियाला धाक दाखवायला इंग्रजांनी हिंदुस्थानातून सुमारे 7,000 सैनिक माल्टाला आणले, त्यात मुंबई इलाख्याच्या पलटणीही होत्या. बंदराच्या तटावर उभं राहून मला तेच आठवत होतं. आपल्याकडचा कुणी शिपाई या दगडाच्या उन्हात उभा राहून काय म्हणाला असेल!

घाईत आहे

हायपोजियमचं तिकीट आजच काढा. जमिनीखालचं पाच हजार वर्षांपूर्वीचं दफनस्थळ, दिवसाला मोजकीच माणसं आत सोडतात. आम्ही तिथे पोचून मागितलं. हसले.

रात्रपाळी

मी इथे माल्टातच वृद्धाश्रमात काम करते, तिसरं वर्ष. घरभाडं ऐकून आई अजून रडते. सुट्टीला येणाऱ्यांना एकच सांगेन, एखाद्या गावची 'फेस्टा' गाठा. उन्हाळाभर दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या गावच्या संताचा उत्सव असतो. सकाळी आठला आवाजी फटाके, रात्रपाळी करून झोपलेल्या माणसाच्या कानात. चर्चवर दिव्यांच्या माळा, रस्त्यात बँड, गच्चीतून कागदाचे तुकडे, आणि मूर्ती माणसांच्या खांद्यावर. दोन बँड-क्लबांत चढाओढ अशी, की कुणाचा बँड जास्त वाजला यावर वर्षभर अबोला. मी मिरजेची. पहिल्या वर्षी खांद्यावरची मूर्ती वळणावर डुलली आणि माझ्या तोंडून मोठ्याने "मोरया" निघालं. शेजारचे आजोबा माझ्याकडे बघून "मोर्या, मोर्या" म्हणू लागले. त्यांना वाटलं, आमच्याकडचा संत.

गुडघेदुखी

आम्ही फेब्रुवारीत गेलो. माळावर पिवळी फुलं, गर्दी नाही, पाऊस अधूनमधून. व्हॅलेटात सेंट जॉनच्या कॅथेड्रलमध्ये इटालियन चित्रकार कारावाज्जोच्या 1608 च्या शिरच्छेदाच्या चित्रासमोर मी आणि हे दोघंच, वीस मिनिटं. त्याने सही केलेलं हे एकमेव चित्र, आणि सही चित्रात सांडलेल्या रक्तात. कॅथेड्रलची जमीन थडग्यांच्या संगमरवराची, टोकदार टाचा चालत नाहीत. पण दगडी घरं थंडीत ओली गार पडतात, टॉवेल तीन दिवस वाळला नाही. रत्नागिरीचा जुलै म्हणा.

पुन्हा मीच

बहिणीला सगळं वाचून दाखवलं. तारीख बदलायला गेले तर पैसे परत नाहीत. म्हणजे ऑगस्टच. मेहुण्यांनी अजून काही वाचलेलं नाही, पण ते जळगावचे आहेत आणि म्हणतात, ऊन काय करणार.